दाहानंतर क्लॉडिन-५ पावपट उरते: याला रक्त-मेंदू अडथळ्याचा बिघाड म्हणावे, की पेशीने बदललेला कारभार?

काचपट्टी

नमस्कार. मी पुण्यात पीएच.डी. करते आणि सध्या माझे दुसरे वर्ष चालू आहे. रक्तातली द्रव्ये सहजी मेंदूत शिरू न देणाऱ्या रक्त-मेंदू अडथळ्याच्या पेशींमध्ये दाहामुळे जनुकांची अभिव्यक्ती कशी बदलते, हा माझा विषय आहे. प्रयोगांसाठी आम्ही एचसीएमईसी/डी३ ही सेल लाइन वापरतो, म्हणजे मानवी मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरातून घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत अमर केलेल्या एंडोथेलियल पेशी.

पेशींचा थर सलग भरल्यावर त्यांना टीएनएफ-आल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही दोन सायटोकाइन (दाहाचे निरोप नेणारी प्रथिने) एकत्र दिली, प्रत्येकी १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात. २४ तासांनी आरएनए काढून क्यूपीसीआर केले, म्हणजे कोणत्या जनुकाचा संदेश (एमआरएनए) किती आहे ते मोजले. पांढऱ्या पेशी ज्याला चिकटतात ते व्हीकॅम-१ सुमारे ९० पट वाढले, जे अपेक्षितच होते. मात्र पेशींमधल्या घट्ट सांध्यांतले क्लॉडिन-५ पावपट उरले, आणि औषधे पेशीबाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनचे एमआरएनए निम्म्यावर आले. ४ तासांच्या वेगळ्या प्लेटवर रोडामाइन-१२३ ची चाचणी (पेशी हे रंगद्रव्य किती बाहेर फेकते) केली होती, तिच्यातही पी-ग्लायकोप्रोटीनचे काम मंदावलेले दिसले. थराचा विद्युतरोध, म्हणजे टीईईआर, ३८ वरून ३१ ओहम-चौरस सेंटिमीटरवर उतरला.

सगळे धागे एकमेकांशी जुळतात असे वाटून मी अहवालाच्या मसुद्यात लिहिले की, दाहामुळे अडथळ्याची जनुके सरसकट बंद पडतात आणि अडथळ्याचा 'ब्रेकडाउन' होतो. माझ्या मार्गदर्शकांनी तो शब्द तांबड्या शाईने खोडला आणि समासात एवढेच लिहिले : 'ही भिंत नाही, पेशी आहे.' त्यांचे म्हणणे मला ढोबळमानाने कळते. परंतु रेणूंच्या पातळीवर नेमके काय घडते आणि माझ्या आकड्यांवरून किती म्हणता येईल, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

केशवाहिनी

तो शब्द मीही खोडला असता. या पेशींवर मी बरीच वर्षे काम केले आहे आणि 'तुटणे' या एका शब्दाने या विषयात जेवढा घोळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कशाने घातला नसेल.

१९६७ साली रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या रक्तात हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे विकर सोडून मेंदूचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते विकर केशवाहिनीच्या अस्तरातील दोन पेशींच्या सांध्यापाशी येऊन थांबलेले दिसले. अडथळा म्हणजे ही अस्तराची पेशीच, हे तेव्हा पक्के झाले. त्यानंतर, विशेषतः २००८-०९ च्या सुमारास झालेल्या कामातून असे दिसले की, या पेशींना हा गुण उपजत आणि कायमचा मिळालेला नसतो; आसपासच्या चेताऊतीतून येणारे डब्ल्यूएनटी संदेश बीटा-कॅटेनिनमार्फत केंद्रकात पोहोचत राहतात, तोवरच पेशी घट्ट सांधे आणि वाहक प्रथिने यांची जनुके चालू ठेवते. जो गुण रोज राखावा लागतो तो सोडूनही देता येतो. दाहात पेशी नेमके तेच करते, अशी माझी समजूत आहे.

आता वाढणाऱ्या जनुकांविषयी. विश्रांतीच्या स्थितीत एनएफ-कॅपा-बी हा जनुकांचा नियंत्रक घटक पेशीद्रवात आयकॅपाबी या प्रथिनाने जखडलेला असतो. टीएनएफ ग्राहकाला चिकटले की एक कायनेज आयकॅपाबीवर फॉस्फेट बसवते, प्रोटीएझोम हे प्रथिने मोडणारे यंत्र त्याचा फडशा पाडते आणि मोकळा झालेला एनएफ-कॅपा-बी, म्हणजे पी६५-पी५० चा जोड, १५ ते ३० मिनिटांत केंद्रकात शिरतो. (हा घटक १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी-पेशींमध्ये सापडला. नावातला 'बी' तिथलाच आहे, मेंदूशी त्याचा संबंध नाही.) मग पांढऱ्या पेशींना धरणाऱ्या प्रथिनांपैकी ई-सिलेक्टिन चटकन वर येते आणि दिवसभरात ओसरते, तर व्हीकॅम-१ आणि आयकॅम-१ उशिरा चढून टिकून राहतात. गंमत अशी की, सर्वांत आधी चालू होणाऱ्या जनुकांमध्ये खुद्द आयकॅपाबीचेही जनुक असते. त्यामुळे पी६५ आत जातो, बाहेर काढला जातो आणि पुन्हा आत जातो. एकाच वेळी मोजलेल्या आकड्यात हे हेलकावे दिसत नाहीत. इंटरफेरॉन-गॅमाची वाट वेगळी आहे. तो जॅक कायनेजांमार्फत स्टॅट-१ या दुसऱ्या नियंत्रक घटकाला केंद्रकात पाठवतो. व्हीकॅम-१ चे वाढणे ही नुसती खूण नव्हे, हे नॅटॅलिझुमॅबवरून कळते. पांढऱ्या पेशींवरचे आल्फा-४ इंटेग्रिन झाकून त्यांना व्हीकॅम-१ ला चिकटू न देणारे हे औषध मल्टिपल स्क्लेरोसिससाठी २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, मेंदूच्या एका विषाणूजन्य आजारामुळे २००५ मध्ये मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये अटींसह परत आले.

घटणारी जनुके हा खरा अवघड भाग आहे. एनएफ-कॅपा-बी हा मुळात जनुके चालू करणारा घटक. मग त्याच्यामुळे जनुके बंद का पडावीत? यामागे अनेक कारणे आहेत. त्यांपैकी मला सर्वांत पटणारे कारण नाळेच्या शिरेतील एंडोथेलियल पेशींवर २०१४ मध्ये झालेल्या कामातून पुढे आले. बीआरडी४ नावाचे सहायक प्रथिन जनुकांच्या मोठ्या नियंत्रक पट्ट्यांवर, ज्यांना सुपर-एन्हान्सर म्हणतात, जमून बसलेले असते. टीएनएफ दिल्यावर तासाभरातच पी६५ ते दाहाच्या जनुकांकडे खेचून नेतो आणि पेशीची एरवीची ओळख सांभाळणाऱ्या पट्ट्या ओस पडतात. वाढपी मोजकेच असले आणि नवी पंगत एकदम बसली, तर जुन्या पंगतीला कोणी उठवलेले नसूनही तिच्या पानांवर काही पडत नाही, तसा हा प्रकार आहे. या पेशी नाळेतल्या असल्याने तो निष्कर्ष मेंदूच्या पेशींना जसाच्या तसा लावू नये, पण घटीमागे स्वतंत्र 'बंद' आदेश असलाच पाहिजे असे नाही, एवढे तरी त्यातून शिकता येते.

अर्थात क्लॉडिन-५ ला स्वतंत्र आदेशही मिळतो. शेजारच्या पेशींना धरून ठेवणारे व्हीई-कॅड्हेरिन जागेवर असते तेव्हा ते बीटा-कॅटेनिनला पेशीपटलाशी अडकवून ठेवते, आणि एकेटी या कायनेजमार्फत फॉक्सओ-१ ला केंद्रकाबाहेर राखते. सांधा सैल झाला की दोघेही केंद्रकात जातात आणि क्लॉडिन-५ च्या प्रमोटरवर (जनुक जिथून चालू होते त्या पट्ट्यावर) बसून ते दाबतात. म्हणजे जे बीटा-कॅटेनिन डब्ल्यूएनटीच्या निरोपाने अडथळा उभा करते, तेच फॉक्सओ-१ च्या संगतीत तो उतरवते. म्हणून केंद्रकातले बीटा-कॅटेनिन मोजून कोणी 'अडथळा सुधारला' किंवा 'बिघडला' असे लिहिले, तर ते कोणाच्या सोबत होते हे आधी विचारावे. सूक्ष्म आरएनएंचाही यात हात असतो. टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर मिर-१५५ वाढते आणि सांधे व पेशीपटलाशी निगडित अनेक संदेशांना दाबते, हे तुमच्याच सेल लाइनमध्ये दाखवलेले आहे.

आता 'सांधा सैल झाला' म्हणजे किती? २००३ मध्ये जपानी गटाने क्लॉडिन-५ चे जनुक पूर्णपणे काढलेले उंदीर तयार केले. पिल्ले जन्मानंतर १० तासांच्या आत दगावली, पण त्यांच्या मेंदूत ना रक्तस्राव होता ना सूज. सांधे सूक्ष्मदर्शकाखाली जागेवर दिसत होते, आणि सुमारे ८०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) लहान रेणूच काय ते आत झिरपत होते. पूर्ण गैरहजेरीत ही स्थिती असेल, तर एमआरएनए पावपट उरल्यावर अडथळा 'कोसळला' असे म्हणता येणार नाही. शिवाय प्रथिनाची मोजणी तुम्ही अजून केलेली नाही.

माझ्या समजुतीला सर्वांत मोठा आधार २०१९ मधल्या एका कामाचा आहे. कॅलिफोर्नियातील डेनमन यांच्या गटाने पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिससदृश आजार, डोक्याला मार आणि झटके अशा चार वेगवेगळ्या स्थितींमधील उंदरांच्या मेंदूतून एंडोथेलियल पेशी वेगळ्या करून त्यांचे आरएनए वाचले. आजार चार असले तरी पेशींमधले बदल मोठ्या प्रमाणात सारखे होते, आणि त्या पेशी शरीराच्या इतर भागांतील रक्तवाहिन्यांच्या पेशींसारख्या वागू लागल्या होत्या. मेंदूबाहेरच्या वाहिनीला गळकी म्हणून कोणी नावे ठेवत नाही. पांढऱ्या पेशींना वाट देणे हा तिचा धर्म आहे. मेंदूतील पेशी तो धर्म तात्पुरता स्वीकारते.

एक शंका मात्र राहून राहून येते. तुमच्या यादीत व्हीकॅम-१ सोडून सगळेच्या सगळे खाली गेले आहे, आणि तेही चांगलेच खाली. पी-ग्लायकोप्रोटीन २४ तासांनी निम्मे होणे मला खटकते. इथल्या आकडेवारी जाणणाऱ्या मंडळींनी त्याकडे पाहावे.

आकडेमोड

संदर्भ जनुक, म्हणजे स्थिर धरून बाकीची ज्याच्याशी ताडतात ते जनुक, कोणते घेतले, हे प्रश्नात लिहिलेले नाही. ते आणि कच्ची सीटी मूल्ये (किती चक्रांनी संदेश दिसू लागतो ते; एक चक्र कमी म्हणजे संदेश दुप्पट) कृपया द्यावीत.

काचपट्टी

संदर्भ जनुक बी२एम. आमच्या प्रयोगशाळेत पूर्वीपासून तेच वापरतात. २४ तासांची सरासरी सीटी मूल्ये अशी (आधी नुसते माध्यम, मग सायटोकाइन) : बी२एम १७ आणि १५.५, व्हीकॅम-१ ३२ आणि २४, क्लॉडिन-५ २२ आणि २२.५, पी-ग्लायकोप्रोटीन २६ आणि २५.५. प्लेटच्या प्रत्येक खळग्यातून सारखाच, म्हणजे ५०० नॅनोग्रॅम आरएनए घेतला होता.

आकडेमोड

मग घोटाळा इथेच आहे. बी२एम म्हणजे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, पहिल्या वर्गाच्या एमएचसी रेणूची (पेशीतील प्रथिनांचे तुकडे प्रतिकारक पेशींना दाखवणाऱ्या रेणूची) लहान साखळी. इंटरफेरॉन-गॅमा मिळालेली पेशी पहिल्यांदा जी कामे हाती घेते त्यांत एमएचसी वाढवणे येते, म्हणजे तुम्ही मोजपट्टी म्हणून जे जनुक निवडले तेच तुमच्या औषधाने ताणले आहे. आरएनए दोन्हींकडे सारखा असताना बी२एम १७ वरून १५.५ वर आले, याचा अर्थ ते सुमारे २.८ पट वाढले. त्याला स्थिर धरून भागाकार केला की बाकीचे प्रत्येक जनुक कागदावर २.८ पटींनी खाली ढकलले जाते.

क्लॉडिन-५ चे गणित करून पाहा. तुमच्या पद्धतीने फरक आधी ५ होता आणि नंतर ७ झाला. दोन चक्रे म्हणजे पावपट. परंतु त्याची स्वतःची सीटी अवघी अर्ध्या चक्राने सरकली आहे, म्हणजे ते सुमारे ०.७ पट उरले असावे. व्हीकॅम-१ ९० पट नव्हे तर २५६ पटींच्या आसपास वाढले असावे. आणि पी-ग्लायकोप्रोटीन घटलेले नसून सुमारे १.४ पट वाढलेले असण्याची शक्यता आहे. म्हणजे इथे केवळ आकडा नव्हे, दिशाच उलटते. सायटोकाइनने न हलणारी किमान दोन-तीन संदर्भ जनुके घेऊन त्यांची स्थिरता याच पेशींत, याच मात्रेला तपासावी. जीएपीडीएच या ग्लुकोज मोडणाऱ्या विकराच्या, नेहमी वापरल्या जाणाऱ्या संदर्भ जनुकावरही डोळे मिटून विसंबू नये, कारण दाहात पेशीचे ग्लुकोज वापरणे बदलते.

आणखी एक गोष्ट, जी 'किती पट' या भाषेत हमखास झाकली जाते. व्हीकॅम-१ शेकडो पट वाढले हे ऐकायला प्रचंड वाटते, पण ते ३२ वरून म्हणजे जवळजवळ शून्यातून उठले आहे. २४ तासांनंतरही त्याची सीटी २४ आहे आणि 'घटलेल्या' क्लॉडिन-५ ची २२.५. दोन्ही प्रायमरांची कार्यक्षमता सारखी धरली, तर त्या पेशीत अजूनही क्लॉडिन-५ चे रेणू व्हीकॅम-१ च्या पावणेतीन पट आहेत. उलट क्लॉडिन-५ सारख्या भरपूर व्यक्त होणाऱ्या जनुकात तीन-दशांश घट म्हणजे हरवलेल्या रेणूंची संख्या मोठी असते. आलेखात पटींचा स्तंभ काढताना शेजारी मूळ पातळी द्यावी, नाहीतर वाचणाऱ्याची नजर उंच स्तंभावरच खिळून राहते.

रात्रपाळी

मी प्रयोगशाळेतला नाही. विदर्भातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात औषधवैद्यक विभागात काम करतो. ही चर्चा वाचताना क्षयरोगाचा मेंदूज्वर डोळ्यांसमोर आला, म्हणून लिहितो.

अशा रुग्णाच्या पाठीतून काढलेले पाणी परीक्षानळीत काही तास न हलवता उभे ठेवले, तर कधीकधी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पातळ पडदा लोंबताना दिसतो. जुने शिक्षक तो नळी उजेडाकडे धरून दाखवत असत, आणि जंतू शोधायचे तर याच जाळ्यात शोधा, असे सांगत. हे जाळे फायब्रिनचे असते. फायब्रिनोजेन यकृतात बनते आणि रक्तात असते. मेंदूभोवतीच्या पाण्यात त्याला एरवी शिरकाव नसतो. त्याचे वजन सुमारे ३ लाख ४० हजार डाल्टन आहे. वर केशवाहिनी यांनी सांगितलेल्या ८०० डाल्टनच्या फटीतून ते जाणे शक्य नाही. म्हणजे रुग्णात क्लॉडिन-५ च्या घटीपलीकडचे बरेच काही घडते. एमएमपी-९ सारखी विकरे वाहिनीखालचा आधारपट कुरतडतात, आणि पेशी आपल्या पोटातून पिशव्या-पिशव्यांनी द्रव्य पलीकडे नेऊ लागते. माझ्या माहितीप्रमाणे एमएमपी-९ चे जनुकही एनएफ-कॅपा-बीच्याच ताब्यात आहे. पाठीतले पाणी कोरॉइड प्लेक्सस (हे पाणी बनवणारे वाहिन्यांचे जाळे) आणि मेंदूच्या आवरणांतील वाहिन्यांचीही हकिकत सांगते, हे मान्य; ते फक्त रक्त-मेंदू अडथळ्याचे बोलणे नव्हे.

औषधांच्या बाबतीत हा बदल आम्हाला रोज भोवतो. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड दाह असो-नसो नीट आत जातात. स्ट्रेप्टोमायसिन आवरणांना दाह असेपर्यंतच कसेबसे पोहोचते आणि दाह उतरला की त्याची वाट बंद होते. रिफाम्पिसिनची पातळी पाठीच्या पाण्यात रक्तातल्या पातळीच्या साधारण १० ते २० टक्केच असते.

आणि स्टिरॉइड. व्हिएतनाममध्ये १४ वर्षांवरील ५४५ रुग्णांवर झालेली डेक्सामेथासोनची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टिरॉइड दिलेल्या गटात ३१.८ टक्के आणि न दिलेल्या गटात ४१.३ टक्के रुग्ण दगावले. मात्र गंभीर अपंगत्व टळल्याचे दिसले नाही. आम्ही विद्यार्थ्यांना सोपे करून सांगतो की स्टिरॉइडने दाह कमी होतो म्हणून रुग्ण वाचतो. परंतु त्याच चाचणीतील रुग्णांच्या पाठीच्या पाण्यातील सायटोकाइन मोजली, तेव्हा स्टिरॉइडने त्यांत लक्षणीय घट झालेली आढळली नाही, आणि एमएमपी-९ मात्र सुरुवातीच्या दिवसांत उतरलेले आढळले. सायटोकाइन तेवढीच असताना ती ऐकणारी पेशी स्टिरॉइडने बदलत असेल का, हा माझा या चर्चेतील जाणकारांना प्रश्न आहे.

काचपट्टी

सर्वांचे आभार. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या त्याच सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीवर) तीन वेगळी संदर्भ जनुके घेऊन प्लेट पुन्हा लावली. तिन्ही सायटोकाइनने जवळजवळ हलली नाहीत. क्लॉडिन-५ ०.७ पट निघाले, पी-ग्लायकोप्रोटीन १.४ पट. म्हणजे आकडेमोड यांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले, आणि 'जनुके सरसकट बंद पडतात' हे माझे वाक्य मी स्वतःच खोडले. बी२एमचा जुना आलेख मार्गदर्शकांना दाखवताना जीव मुठीत धरला होता. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्लेटही काढायला सांगितल्या.

पण आता नवी अडचण उभी राहिली आहे. पी-ग्लायकोप्रोटीनचे एमआरएनए वाढते आणि रोडामाइनच्या चाचणीत काम मात्र कमी होते. आधी दोन्ही जुळत होते तेच बरे होते, असे क्षणभर वाटले.

केशवाहिनी

ते जुळत होते हेच संशयास्पद होते. तुमच्या दोन मोजण्या दोन वेगळ्या घड्याळांवर केलेल्या आहेत : काम ४ तासांवर पाहिले आणि एमआरएनए २४ तासांवर.

उत्तर कॅरोलायनातील मिलर, हार्ट्झ आणि बाउअर यांनी उंदरापेक्षा मोठ्या, म्हणजे रॅटच्या मेंदूतून काढलेल्या ताज्या केशवाहिन्यांवर हे तपशिलाने उलगडले आहे. टीएनएफ मिळताच पेशी एंडोथेलिन सोडते, ते तिच्याच ग्राहकाला चिकटते, पुढे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोटीन कायनेज-सी यांच्यामार्फत तासाभरात पी-ग्लायकोप्रोटीनचे काम मंदावते. या काळात प्रथिनाचे प्रमाण तेवढेच राहते. कोणतेही जनुक चालू किंवा बंद व्हावे लागत नाही. टीएनएफ तसेच ठेवले, तर काही तासांनी एनएफ-कॅपा-बीच्या वाटेने नवे प्रथिन बनते आणि काम मूळ पातळीच्याही वर जाते. म्हणजे तुमचे दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. ४, ८, १६ आणि २४ तासांना एमआरएनए, प्रथिन आणि काम ही तिन्ही एकाच वेळी सुरू केलेल्या प्लेटवर मोजा. सेल लाइनमध्ये एमआरएनए वाढूनही प्रथिन जागचे न हलणे हेही घडते, तेव्हा प्रथिन मोजणारा वेस्टर्न ब्लॉट टाळू नका.

रात्रपाळी यांच्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय, बहुधा' असे आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइडचा, म्हणजे या जातीच्या स्टिरॉइडचा, ग्राहक केंद्रकात जाऊन पी६५ ला आडवा येतो, आणि स्वतंत्रपणे ऑक्लुडिन व क्लॉडिन-५ या सांध्यांतल्या प्रथिनांची निर्मितीही वाढवतो. सायटोकाइनची पातळी तीच राहून पेशीचे उत्तर बदलणे त्यामुळे शक्य आहे. रुग्णात तेच घडते असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तिथे वाहिनीखेरीज मायक्रोग्लिया (मेंदूतल्या प्रतिकारक पेशी) आहेत, पांढऱ्या पेशी आहेत आणि जंतूही आहेत.

पण हाच मुद्दा तुमच्या प्रयोगाला उलटा लागू होतो. एचसीएमईसी/डी३ साठी २००५ मध्ये पॅरिसच्या गटाने जी माध्यमाची कृती प्रसिद्ध केली, तिच्यात १.४ मायक्रोमोलर हायड्रोकॉर्टिझोन आहे. तुम्हीही तीच कृती वापरत असाल, तर तुमच्या पेशी पहिल्या दिवसापासून स्टिरॉइडवर आहेत आणि तुम्ही दाह म्हणून जो मोजता तो स्टिरॉइड देऊन मऊ केलेला दाह आहे. दुसरीकडे तुमच्या प्लेटमध्ये माध्यम स्थिर उभे असते. जिवंत केशवाहिनीत रक्ताच्या घर्षणामुळे केएलएफ-२ हे नियंत्रक जनुक चालू राहते आणि ते व्हीकॅम-१ ला फार चढू देत नाही. तुमच्याकडे तो लगाम नाही. म्हणजे एक गोष्ट प्रतिसाद दाबते आणि दुसरी फुगवते, आणि दोन्ही एकमेकींना नेमक्या छेदतील अशी आशा करण्यात अर्थ नाही. टीईईआरबद्दलही तेच. १९८२ मध्ये क्रोन आणि ओलेसन यांनी बेडकाच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील वाहिन्यांवर सरासरी १८७० ओहम-चौरस सेंटिमीटर मोजले होते. ३८ वरून ३१ ही उतरण मुळातच सैल असलेल्या थराची आहे, तेव्हा तिच्यावरून अडथळा किती उघडला हे ठरवू नका. त्यापेक्षा वेगवेगळ्या वजनांचे चमकणारे डेक्सट्रान (शर्करेच्या साखळ्या) पलीकडे किती जाते ते पाहा. लहान जाते आणि मोठे जात नाही असे दिसले, तर सांध्याविषयी खरोखर काही हाती लागेल.

काचपट्टी

माध्यमाची वही काढून पाहिली. हायड्रोकॉर्टिझोन आहे, १.४ मायक्रोमोलर, माझ्याच अक्षरात, दर पंधरवड्याच्या नोंदीत. आजवर ती ओळ मी 'पेशींचे खाणे' म्हणून उतरवत आले आणि एकदाही सायटोकाइनशी तिचा संबंध जोडला नाही.

सोमवारी नव्या पेशी पेरते. अर्ध्या प्लेटना नेहमीचे माध्यम, अर्ध्यांना सायटोकाइनच्या ४८ तास आधीपासून हायड्रोकॉर्टिझोन नसलेले. चार वेळा, तीन मोजण्या. मार्गदर्शकांनी तिसरा गटही घालायला सांगितला आहे : हायड्रोकॉर्टिझोन काढलेले, पण सायटोकाइन न दिलेले, कारण नुसते स्टिरॉइड काढल्यानेच क्लॉडिन-५ उतरले तर ती घट मी दाहाच्या खाती टाकीन. आकडे आले की याच धाग्यावर कच्च्या सीटी मूल्यांसकट देईन.